मार्फत नागपूर

पहिल्या दिवशी ताईंनी मला एकच गोष्ट शिकवली. पट्टी नेमकी कुठे फाडायची.

रामदासपेठेतल्या आमच्या ऑफिसात मागच्या बाजूला टेलिप्रिंटरची खोली होती. चार यंत्रं, दोन कूलर आणि दिवसभर खडखडाट. आमची कंपनी खाणींतलं पाणी उपसायचे पंप पुरवायची आणि दुरुस्तही करायची. खाप्याच्या डेपोला, आणि तशाच आणखी पाच-सहा डेपोंना, मुंबईच्या मुख्य ऑफिसशी थेट बोलता येत नसे. त्यांच्या मागण्या तारेवरून आधी आमच्याकडे यायच्या आणि आम्ही त्या पुढे मुंबईला पाठवायचो. निरोप कागदावर छापला जायचा, आणि त्याच वेळी यंत्राच्या बाजूने बोटभर रुंदीची, भोकं पडलेली पट्टी बाहेर यायची. ती फाडून मुंबईच्या यंत्रात घातली की तोच निरोप तिकडे आपोआप उमटत जाई.

निरोपाच्या सगळ्यात वर एक ओळ असे. कुठून आला, कुणाला, नंबर किती, वेळ काय. तिला आम्ही हेडिंग म्हणायचो. ताई तिला डोकं म्हणायच्या.

"हे पाह्य," पट्टी खिडकीच्या उजेडात धरून त्या म्हणाल्या, "इथं डोकं संपलं, कोरी जागा आली. इथं फाडायचं. त्यांचं डोकं उडवायचं, आपलं बसवायचं, अन् दे पाठवून."

"पण का?"

"काहून म्हणजे? दोन डोके गेले तं मुंबईवाले बोंबलते. अकरा वर्षं झाली, मी हेच करून राहिली. तू कॉन्व्हेंटची, तुले सारं काहून-काहून लागते."

खोलीतल्या सगळ्यांत सीनियर त्याच होत्या. मी सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर.

मला बोलायची लाज वाटते. शाळा सगळी इंग्रजीतून झाली, घरी मराठी. त्यामुळे चार माणसांत तोंड उघडायची वेळ आली की दोन्ही भाषा एकदम गप्प होतात. टेलिप्रिंटरवर तसं नव्हतं. तिथे आवाज लागत नाही, चेहरा लागत नाही. महिनाभरात मी खाप्याच्या ऑपरेटरशी जितकं बोलले तितकं कॉलेजच्या तीन वर्षांत कुणाशी बोलले नव्हते. मी त्यांना कधी पाहिलं नाही. ते रोमन अक्षरांत मराठी टाइप करायचे आणि मला ते वाचायला दुप्पट वेळ लागायचा. रोज दुपारी काम सरलं की यंत्र आपणहून खडखडायचं: नागपूर, जेवली का. मी लिहायची: जेवले काका. मग ते: भाजी कोणती. एवढंच. पण त्यासाठी मी वाट पाहायची.

ताईंशीही तसंच जुळत गेलं. दुपारी आम्ही एकाच टेबलावर डबा खायचो. त्यांच्या डब्यात बेसनाची तिखटजाळ पाटोडी, माझ्या डब्यात आईची फिकी भाजी. "हे काय बिमाराचं जेवण आणतं वं," म्हणत त्या निम्मी पाटोडी माझ्या डब्यात सारायच्या. त्यांचं इंग्रजी कच्चं होतं. वर काही लिहून पाठवायचं असलं की त्या मराठीत सांगायच्या, मी इंग्रजी करून द्यायची, त्या सही करायच्या. मला त्यात काही वाटलं नाही. उलट कुणाच्या तरी उपयोगी पडतेय याचं बरंच वाटायचं.

अशाच एका दुपारी मी त्यांना बाबांचा शब्द सांगून टाकला. घरी माझ्या लग्नाचं बोलणं सुरू झालं होतं. मी हट्ट करत नाही, पण तेव्हा केला. बाबा म्हणाले होते, "नोकरीत कायम झालीस, तर एक वर्ष मी कुणाला घरात येऊ देणार नाही. नाही झालीस, तर माझं ऐकायचं." मी कबूल झाले होते. हे माझ्या मैत्रिणीलाही माहीत नव्हतं. ताईंनी पाटोडीचा तुकडा मोडता मोडता ऐकलं आणि म्हणाल्या, "होशील वं कायम. मी हावो ना."

कायम व्हायला दोन महिने उरले असताना खाप्याच्या मागण्या हरवायला लागल्या.

एका खाणीतला पंप बंद पडला होता. त्याला नवं इम्पेलर हवं होतं, म्हणजे पंपाच्या पोटात फिरतं ते चाक. काकांनी मागणी पाठवली, मी पुढे धाडली. आठवडा गेला, उत्तर नाही. त्यांनी पुन्हा पाठवली. तिसऱ्यांदा पाठवली. रोजच्या जेवणाच्या चौकशीच्या जागी आता दुसरंच येऊ लागलं: पोरी, खड्ड्यात पाणी चढून राहिलं, माणसं बसून आहेत, मुंबई झोपली का. मी मुंबईला विचारलं. मुंबईने उत्तर दिलं की मागणीला उत्तर केव्हाच गेलं आहे, तुमच्याकडून पुढे काही कळलं नाही म्हणून मागणी बंद केली.

इतर डेपोंचंही हेच. आमच्या ऑफिसच्या साहेबांनी सगळ्या निरोपांच्या प्रती मागवल्या. पुढे पाठवलेल्या प्रत्येक निरोपाखाली ऑपरेटरच्या नावाची दोन अक्षरं असत, आणि गेल्या सहा आठवड्यांतल्या जवळजवळ प्रत्येकावर ती माझी होती, कारण डेपोंच्या तारांचं काम ताईंनी मलाच दिलं होतं. साहेबांनी मला मेमो दिला. आठ दिवसांत लेखी खुलासा करा, नाहीतर कायम करण्याचा विचार होणार नाही.

मी मेमो पर्समध्ये घडी करून ठेवला आणि घरी काही बोलले नाही. इतवारीतलं आमचं घर दोन खोल्यांचं, त्यात गुपित ठेवायला पर्सच्या आतला कप्पा एवढीच माझी जागा होती.

दुसऱ्या दिवशी मी दोन गठ्ठे काढले. एकात खाप्याहून आलेले निरोप जसेच्या तसे, दुसऱ्यात आम्ही मुंबईला पाठवलेले तेच निरोप. एकाशेजारी एक ठेवून ओळ न् ओळ वाचली. मजकुरात एका अक्षराचा फरक नव्हता. फरक फक्त वरच्या ओळीत होता. आलेल्या कागदावर खापा, खाप्याचा नंबर. गेलेल्या कागदावर नागपूर, नागपूरचा नंबर. फरक असणारच होता, तो आम्हीच करत होतो. म्हणून तो दिसूनही मला दोन दिवस दिसला नाही.

तिसऱ्या दिवशी मी उलट बाजूने सुरुवात केली. मुंबई म्हणते उत्तर पाठवलं, तर ते कुठेतरी उतरलं असणार. आमच्या यंत्रावर नागपूरच्या नावाने जे यायचं ते पुढे कुठे पाठवायचं नसे. ते न वाचताच स्टोअरच्या टेबलावर जायचं. तिथे लोखंडी काट्यात कागदांची चळत टोचलेली असायची. मी स्टोअरच्या क्लार्कना विचारलं, जरा पाहू का. ते म्हणाले, "पाहा ना, त्यातलं अर्धं आमचं नसतेच. कोणाचं आहे कोण जाणे. टोचून देतो."

काकांचं इम्पेलर त्या काट्यात तीनदा टोचलेलं होतं. माल तयार आहे, पोचवायचा पत्ता कळवा. वर ठळक: नागपूर, आपला नंबर अमुक.

मग मुंबईच्या ऑपरेटरला तारेवर विचारलं आणि सगळं उलगडत गेलं. आधी मुंबईत एक म्हातारे क्लार्क बसत. वर काहीही लिहिलेलं असो, मजकूर वाचून हा पंप खाप्याकडचा आहे हे त्यांना कळे, आणि ते उत्तरावर हाताने खापा घालत. ते निवृत्त झाले. त्यांच्या जागी मुंबईने निरोप वाटायला संगणक बसवला होता. तसं परिपत्रकही आमच्याकडे आलं होतं, कुणी नीट वाचलं नव्हतं. संगणक मजकूर वाचत नव्हता. तो फक्त वरची ओळ पाहत होता, आणि ज्याचं नाव तिथे असेल त्याला उत्तर देत होता. अकरा वर्षं आम्ही प्रत्येक डेपोचं नाव फाडून खालच्या टोपलीत टाकत होतो, आणि एक म्हातारा माणूस तिकडे बसून ते मुकाट्याने पुन्हा लावत होता.

मला खात्री करायची होती. मी काकांना तारेवर डोकी उडवण्याचा सगळा प्रकार सांगितला आणि विचारलं, एक मागणी दोनदा पाठवाल का. ते म्हणाले, शंभरदा पाठवतो, पण पंप दे. पहिली पट्टी मी नेहमीसारखी फाडली. दुसरीचं डोकं तसंच राहू दिलं, आणि त्याच्या खाली स्वतंत्र ओळीत टाइप केलं: मार्फत नागपूर, आणि आमचा नंबर. दोन्ही मुंबईला पाठवल्या.

दुपारी पहिल्याचं उत्तर नागपूरच्या नावाने आलं. दुसऱ्याचं आलं तेव्हा मी यंत्रासमोर उभीच होते. वरच्या ओळीत अक्षरं पडत गेली. खापा. मार्फत नागपूर. मी पट्टी फाडली आणि खाप्याच्या यंत्रात घातली. घाईत पट्टी दोनदा वाकडी गेली.

काकांचं उत्तर लगेच आलं: भेटलं. मग पुढच्या ओळीत: पोरी तू जादूगारीण हायेस.

ताईंनी हे सगळं पाहिलं होतं. टोपलीतले फाडलेले तुकडे त्यांनी हातात घेतले, परत टाकले. मग म्हणाल्या, "बापा, एवढंसं होतं? अन् आपण इतके दिवस डोकं फोडून राहिलो. छान केलं वं. आता खुलासा लिही चांगला, तुझ्या त्या फर्ड्या इंग्रजीत. अन् माझ्याजवळ दे. साहेबाले डायरेक्ट नाही द्यायचा, मीच फॉरवर्ड करते."

ती ऑफिसची रीत होती. आमच्या खोलीतला कुठलाही कागद सीनियर ऑपरेटरच्या सहीनेच वर जायचा, मग तो रजेचा अर्ज असो की पंख्याची तक्रार.

मी दोन पानं लिहिली. कुणाला दोष लागू नये म्हणून ताईंचं नाव कुठेच घातलं नाही. 'या खोलीत पूर्वापार अशी पद्धत आहे की' असं वाक्य मुद्दाम योजलं, आणि ते मला बरंच जमलं असं वाटलं. ताईंना वाचून दाखवलं, मराठीत अर्थ सांगितला. त्या मान डोलवत राहिल्या. पानं त्यांच्या हातात दिली. खाली कार्बन लावून आपल्याकडे एक प्रत ठेवावी हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

पंधरा दिवस काहीच झालं नाही. मी खुशीत होते. खाप्याचा पंप सुरू झाला होता, काकांनी मला मेनू विचारायला पुन्हा सुरुवात केली होती. ताईंनी एकदा घरून माझ्यासाठी वेगळा डबा आणला. मी घरी आईला म्हणाले की बहुतेक कायम होईन.

मुंबईचं उत्तर माझ्याच यंत्रावर आलं.

मी पट्टी हातात घेऊन कागदावर उमटणारं इंग्रजी वाचत होते, नेहमीसारखं, बोटांनी काम करत आणि डोळ्यांनी अर्धवट. 'सीनियर ऑपरेटर यांनी शोधून काढलेल्या दोषाबद्दल' इथपर्यंत मला काही वेगळं जाणवलं नाही. पुढे अवतरणात एक वाक्य होतं. ते माझं होतं. माझा स्वल्पविराम होता, माझा शब्दक्रम होता. फक्त सुरुवात माझी नव्हती. 'या खोलीत पूर्वापार अशी पद्धत आहे की' याच्या जागी 'प्रोबेशनवरील मुलीला अशी सवय लागली आहे की' असं होतं. त्याच्या पुढे सीनियर ऑपरेटरचं कौतुक होतं, नवी पद्धत सगळीकडे लागू करण्याचा हुकूम होता, आणि शेवटी सूचना होती: सदर मुलीचं प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढवावं.

यंत्र थांबलं. नियमाप्रमाणे मी खाली माझी दोन अक्षरं टाइप केली, निरोप मिळाला.

ताई पलीकडच्या यंत्रावर होत्या. मी कागद त्यांच्यासमोर ठेवला. त्यांचं इंग्रजी कच्चं असलं तरी त्यांनी तो फार वेळ वाचला नाही.

"काहून केलं ताई?" मी विचारलं. 'काहून' हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा वापरला असेन. त्यांच्या भाषेत विचारलं तर त्या खरं सांगतील असं काहीतरी मला वाटलं.

"हळू बोल." त्यांनी दाराकडे पाहिलं. "माह्या जागी राहून पाह्य. अकरा वर्षं चुकीचं केलं असं मीनंच लिहून देऊ? तुले काय वं, तू शिकलेली, कुठंबी लागशील. मले कोण ठेवते? अन् तीन महिनेच तं आहेत."

"तुम्हाला माहीत होतं तीन महिने म्हणजे काय ते."

त्यांनी यंत्रातला कागद सरळ केला. मग म्हणाल्या, "तुझे बाबा समजदार आहेत. समजावशील."

मला रडू आलं नाही. माझा फिक्या भाजीचा डबा त्यांच्या टेबलावर राहिला होता, तो मी उचलून माझ्याकडे आणला.

दुसऱ्या दिवशी मी लवकर गेले आणि कपाटातून जुन्या प्रतींची गुंडाळी काढली, मी येण्याच्या दोन वर्षं आधीची. एकही डोकं शिल्लक नव्हतं. प्रत्येक निरोपाखाली ताईंची दोन अक्षरं. ती गुंडाळी घेऊन, कुणाची सही न घेता, मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. तोपर्यंत मी त्यांच्याशी 'येस सर' याखेरीज काही बोलले नव्हते. मी गुंडाळी टेबलावर उलगडली आणि फक्त तारखा दाखवल्या.

साहेबांनी चष्मा लावून पाहिलं. त्यांना आश्चर्य वाटल्यासारखं दिसलं नाही.

"मुंबईचं उत्तर वाचून मला अंदाज आला होता," ते म्हणाले. "असं इंग्रजी त्या बाई लिहू शकत नाहीत. अकरा वर्षांत दोन ओळी धड लिहिल्या नाहीत त्यांनी."

"मग सर..."

"मग काय? कागद पुढे गेला. मुंबईने त्यावर परिपत्रक काढलं. आता मी काय कळवू, की मी न वाचता सही केली होती? बेटा, तीन महिन्यांनी तू कायम होशीलच. कोण अडवतंय?" त्यांनी कागद नीट गुंडाळून माझ्या हातात परत दिले. "हे जागेवर ठेवून दे. हरवायला नको."

मी ती जागेवर ठेवली.

सहा महिने भरले तेव्हा घरी मी बाबांना नवी तारीख सांगितली नाही की कारणही सांगितलं नाही, फक्त एवढंच म्हणाले की अजून झाले नाही कायम. बाबांनी पेपर खाली ठेवला. ते रागावले नाहीत. त्यांनी दिलेला शब्द पाळला, जसा दिला होता तसाच. पुढच्या रविवारी चार माणसं आली आणि आमच्या घरात बुद्धाच्या तसबिरीखाली ओळीने बसली. मुलगा गप्प होता, मुलाचे काका बोलत होते.

"नोकरी परमनंट आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगायला हवं होतं का त्यांना, असं मला आजही कधीतरी वाटतं. पण तेव्हा मला कुणालाच काही सांगायचं नव्हतं. एकदा सांगून पाहिलं होतं.

त्या लोकांनी कळवतो म्हणून सांगितलं आणि कळवलं नाही. आईला ते फार लागलं. मला हायसं वाटलं आणि त्याच वेळी अपमानही वाटला. नंतर आणखी एक घर येऊन गेलं.

पहिले पाहुणे येऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, खाप्याच्या काकांनी यंत्रावर विचारलं होतं: नागपूर गप्प काहून. मी दोन ओळींत लिहिलं, की खुलासा माझा होता पण नाव दुसऱ्याचं गेलं. मग आलं: तुझंबी डोकं उडवलं वाटते. मला हसू आलं. आठवड्यात पहिल्यांदाच. तो कागद मी फाडून पर्सच्या आतल्या कप्प्यात मेमोशेजारी ठेवला.

खोलीतलं काम आता नव्या पद्धतीने चालू झालं. भिंतीवर ताईंच्या नावाचं परिपत्रक लागलं. आमच्याकडे आणखी एक मुलगी प्रोबेशनवर आली तेव्हा ताईंनी पट्टी खिडकीच्या उजेडात धरून तिला शिकवलं, "ज्याचं डोकं त्याले राहू द्यायचं. आपलं खाली लिहायचं, मार्फत म्हणून. कधी फाडायचं नाही, समजलं का वं?" मी शेजारच्या यंत्रावर होते. त्यांचा आवाज नेहमीसारखाच मायेचा होता. त्या मुलीलाही त्यांनी पाटोडी दिली.

तीन महिने पुरे झाले त्या दिवशी मी कायम करण्याचा अर्ज टाइप केला. खाली कार्बन लावून, दोन प्रती. रीतीप्रमाणे त्यावर सीनियर ऑपरेटरची सही लागणार होती. दुपारी जेवणं आटोपल्यावर मी तो त्यांच्यासमोर ठेवला आणि पेनाचं टोपण काढून पेन पुढे केलं.

"ठेव ना," त्या म्हणाल्या, "संध्याकाळी बाकीच्या कागदांसंग वर पाठवते."

मी पेन पुढे धरूनच उभी राहिले.

नवी मुलगी यंत्रावरची बोटं थांबवून आमच्याकडे पाहायला लागली. ताईंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पेन घेतलं आणि डाव्या कोपऱ्यात 'पुढे पाठवण्यात येत आहे' असं लिहून सही केली. मी अर्ज उचलला. शाई ओली होती, म्हणून थोडी फुंकर घातली.

"आता कुठं निघाली घेऊन?"

"साहेबांकडे. मीच देते."

"एवढाबी विश्वास नाही का वं माह्यावर?" त्या हसून म्हणाल्या, नव्या मुलीला ऐकू जाईल अशा बेताने.

मला वाटलं होतं, असं कुणी विचारलं तर माझ्या दोन्ही भाषा गप्प होतील. तसं झालं नाही.

"नाही, ताई," मी म्हणाले आणि कागद घेऊन केबिनकडे गेले.